आतून कल्हई

दर्यापूरच्या दवाखान्यात डायलिसिसच्या चार खाटा.
तिसरीवर कादरमिया.
मानेतून निघालेल्या नळीला दोन तोंडं,
एक लाल टोपणाचं, एक निळ्या.
हातातली फिस्टुला पिकायला अजून सहा आठवडे,
तोवर रक्ताला हाच रस्ता,
आणि रस्ता म्हटला की
येणारा विचारून येत नाही.

मी सांगितलं, चाचा, ही नळी नवीन आहे, महागाची.
आतून-बाहेरून थर आहे हिला
जंतू मारणाऱ्या औषधाचा,
डोळ्याला दिसणार नाही इतका पातळ.

ते हसले. खालचे दोनच दात.
"मंग कल्हई म्हन ना, बाई.
येवढं घुमवून कायले सांगतं?"

चाळीस वर्षं अंजनगाव ते अकोट
सायकलला भाता बांधून फिरला हा माणूस.
पितळेच्या पोटात कढी कळकू नये
म्हणून गावागावाच्या वेशीवर
खड्डा खणून कोळसे फुलवले.
आता घरोघर स्टील.
भात्यावर कोंबड्या बसतात, म्हणाले.

मग त्यांनी कारागिराचा प्रश्न विचारला:
"टिकते किती?"

कंपनीचा माणूस "उत्तम" म्हणाला होता,
दिवस सांगितले नव्हते.
मी मशीनचे आकडे वाचत राहिले.

"उडते, बाई. वापरलं का उडतेच.
अन् घासल्याबिगर धरत नाही.
आधी राख, मंग चिंच, मंग नवसागर, मंग कथील.
भांडं मयकं असन
तं कथलाचे नुसते गोये होतात,
पसरत नाही."

याच खाटेवर मागच्या मे महिन्यात
वच्छला नवलकार होती.
तिच्या नळीला थर नव्हता, साधी नळी.
मशीन सुरू होऊन अर्धा तास झाला
आणि तिला हुडहुडी भरली.
बाहेर पंचेचाळीस, आत तीन घोंगड्या,
तरी लोखंडी खाट वाजत होती
फरशीवर, टक टक टक.
रक्ताची बाटली एसटीनं अमरावतीला गेली,
कंडक्टरच्या मांडीवर.
सहाव्या दिवशी रिपोर्ट आला.
ती पाचव्या दिवशी गेली होती.
कागदावर जंतूचं नाव पूर्ण, लांबलचक,
एकही वेलांटी न चुकवता.
वच्छलाचं नाव आमच्या रजिस्टरात
शेवटपर्यंत "वत्सला नवलका" राहिलं.

त्या दिवशी लाइट गेली होती.
चार खाटांना मी एकटी.
टोपण उघडण्याआधी पुसलं होतं.
पुसलं होतं मी.
किती वेळ, ते आठवत नाही.

हे कादरमियांना मी सांगितलेलं नाही.
पण पंधरा सेकंद घासायचं असतं
एवढं एकदा बोलून गेले,
तेव्हापासून ते मोजतात.
मान पलीकडे वळवून, मास्कच्या आतून,
एक, दोन, तीन,
जणू तापल्या घागरीवरून बोळा फिरतोय.
काल दुसऱ्या खाटेचं मशीन ओरडलं,
माझा हात तिकडे गेला.
"अकराच झाले," ते म्हणाले.

मी परत आले. हात धुतले.
नवा मोजा, नवा बोळा, पुन्हा एकपासून.

कपाटात अशा नळ्या दोनच उरल्यात.
पुढच्या महिन्याच्या यादीत सात नावं.
कोणाच्या मानेत कल्हई आणि कोणाच्या नाही,
हे डॉक्टर ठरवतील. की मी ठरवीन,
ज्या दिवशी डॉक्टर नसतील.

पंधरा झाले.
"बोया दाखव," चाचा म्हणाले.
मी स्पिरिटनं ओला कापूस
त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.
त्यांनी तो दोन्ही बाजूंनी बघितला, सावकाश,
बाजारात गिऱ्हाइकाला भांडं देण्याआधी
बघत असतील तसा.

"कायं येते का अजून?"
नाही, चाचा.
"मंग लाव."